ओडसलची गर्दी

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात ब्रॅडफर्ड नावाचे शहर आहे. एके काळी निम्म्या जगाला लोकरीचे कापड पुरवणारे शहर. त्याच्या दक्षिण अंगाला ओडसल नावाचे मैदान आहे. मैदान म्हणण्यापेक्षा खळगा म्हणणे अधिक बरोबर. शहराचा कचरा आणि राख टाकून टाकून या खळग्याच्या कडा उंचावल्या, त्यावर पायऱ्या बांधल्या आणि १९३४ साली तेथे रग्बी लीगचे सामने सुरू झाले. या पायऱ्यांवर ५ मे १९५४ रोजी, बुधवारी संध्याकाळी, १,०२,५६९ माणसे उभी होती. हा झाला तिकिटांचा अधिकृत हिशोब. कुंपण मोडून, भिंतीवरून उडी टाकून जे आत शिरले ते धरले तर आकडा १,२०,००० च्या घरात जातो, असे मानतात. चॅलेंज कप या मानाच्या चषकाचा अंतिम सामना वेम्ब्लीवर ४-४ असा बरोबरीत सुटला होता, त्याचा हा फेरसामना. हॅलिफॅक्सला ८-४ असे हरवून वॉरिंग्टनने चषक नेला. रग्बी लीगच्या सामन्याला एवढी माणसे पुन्हा जमायला १९९९ साल उजाडावे लागले, आणि तेही इंग्लंडात नव्हे, सिडनीत.

आता त्याच मैदानावरचा दुसरा सामना पाहा. तारीख २३ नोव्हेंबर १९६३. पाहुणा संघ बॅरो, यजमान ब्रॅडफर्ड नॉर्दर्न. हजेरी ३२४. लाखाची सवय असलेल्या त्या पायऱ्यांवर हे तीनशे चोवीस जण कोठे कोठे उभे राहिले असतील, देव जाणे. पंधरा-वीस दिवसांतच, हंगाम अर्ध्यावर असताना, ब्रॅडफर्ड नॉर्दर्न क्लब बंद पडला.

एक लाख दोन हजार आणि तीनशे चोवीस. मध्ये अवघी साडेनऊ वर्षे. कोणी म्हणेल, १९५४ च्या त्या सामन्यात खेळणारे दोन्ही संघ बाहेरगावचे होते, तेव्हा ती गर्दी ब्रॅडफर्डच्या खात्यावर कशी मांडता? आक्षेप रास्त आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९५३ मध्ये, ब्रॅडफर्ड विरुद्ध हडर्सफील्ड या सामन्याला याच मैदानावर ६९,४२९ माणसे आली होती. ती तर घरचीच होती. ती गेली कोठे? आणि सत्तर हजार माणसे जमवू शकणारा क्लब दहा वर्षांत दिवा विझवून मोकळा कसा होतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर साठ-सत्तर वर्षे मागे जावे लागते, कारण रग्बी लीग हा खेळ जन्मलाच मुळी दारावरच्या गल्ल्याच्या भांडणातून.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. रग्बीचे दोन पंथ. युनियन हा जुना, पंधरा गड्यांचा. लीग हा फुटून निघालेला, तेरा गड्यांचा. लीगमध्ये चेंडू हाती असलेल्या गड्याला प्रतिस्पर्ध्यांनी पाडले की तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून टाचेने मागच्या सोबत्याकडे ढकलतो आणि खेळ पुढे चालू होतो. असे सहा वेळा पाडले गेले की चेंडू दुसऱ्या संघाकडे. आपल्या कबड्डीत रमलेल्या माणसाला यातली धरपकड पाच मिनिटांत कळावी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडात रग्बी खेळणारे बहुतेक गडी गिरणीतले, खाणीतले, गोदीतले मजूर होते. शनिवारी अर्धा दिवस काम असे. दूरगावी सामना असला की त्या अर्ध्या दिवसाचाही खाडा पडे आणि मजुरी बुडे. दक्षिणेकडचे वकील, डॉक्टर, जमीनदारांची मुले हौसेने खेळत. त्यांना खाड्याची चिंता नव्हती. उत्तरेकडच्या क्लबांनी म्हटले, गड्याला पगार नको, पण बुडालेल्या मजुरीची भरपाई तरी द्या. सप्टेंबर १८९३ मध्ये लंडनला भरलेल्या सभेत हा ठराव १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळला गेला. याच वर्षी जानेवारीत, याच ब्रॅडफर्डमध्ये, इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली होती, हे येथे ध्यानात ठेवावे. मजुरीचा प्रश्न मैदानावरचा आणि मैदानाबाहेरचा असा वेगळा नव्हताच. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. पहिल्या हंगामात २२ क्लब होते. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग.

सहा शिलिंग द्यायचे कोणी? दारावर पैसे मोजून आत येणाऱ्या प्रेक्षकाने. तेव्हापासून या खेळाचे सारे लक्ष त्या दाराकडे लागले. प्रेक्षकाला रेंगाळणारा खेळ आवडत नाही म्हणून एकेक नियम बदलत गेले. १९०६ साली पंधराचे तेरा गडी केले. त्यामुळे मैदान मोकळे झाले, खेळ वेगवान झाला; आणि दोन गड्यांचे पैसे वाचले हेही आहेच. खेळाच्या इतिहासकारांनी पहिल्या कारणावर जितकी शाई खर्चली तितकी दुसऱ्यावर नाही. पण क्लबाच्या वह्या सांभाळणाऱ्या चिटणिसाला विचारले असते तर त्याने क्रम उलटा सांगितला असता, असे मला वाटते.

गल्ल्यामागे लागलेल्या माणसाचे काय होते याचे दोन नमुने ब्रॅडफर्डमध्येच घडले. पहिला मॅनिंगहॅम क्लबचा. नव्या संघटनेच्या पहिल्याच हंगामात, १८९५-९६ मध्ये, विजेतेपद मिळवणारा हा क्लब. सात वर्षांत त्याच्यावर इतके कर्ज झाले की १९०३ साली पैसे उभे करण्यासाठी त्यांनी आपल्या व्हॅली परेड मैदानावर धनुर्विद्येची स्पर्धा भरवली! पैसे जमले. त्या पैशांचे काय करावे यावर सभा झाली आणि सभेने ठरवले की रग्बी सोडून फुटबॉल खेळावा. कारण उघड होते. फुटबॉलला गर्दी जास्त. या क्लबाचेच नाव पुढे ब्रॅडफर्ड सिटी झाले. एकही सामना खेळण्याआधी त्याला फुटबॉल लीगच्या दुसऱ्या श्रेणीत जागा मिळाली, इतकी त्या धंद्याला यॉर्कशायरच्या बाजारपेठेची ओढ होती.

दुसरा नमुना अधिक कडू. शहरातला जुना आणि थोर रग्बी क्लब, पार्क अ‍ॅव्हेन्यू मैदानावरचा ब्रॅडफर्ड क्लब, १९०७ साली त्याच वाटेने गेला. अध्यक्ष हॅरी ब्रिग्ज हे धनवान गिरणीमालक; त्यांचा कल फुटबॉलकडे. जे रग्बीला धरून राहिले त्यांनी या निर्णयाला ‘महाविश्वासघात’ म्हटले आणि ते बाहेर पडले. त्यांनी काढलेला क्लब म्हणजे ब्रॅडफर्ड नॉर्दर्न. मैदान गेले, पैसा गेला, नावाचा मान गेला. राहिला फक्त खेळ आणि तो पाहायला येणारे थोडे लोक. व्यवहार पाहणाऱ्या कोणालाही त्या दिवशी पार्क अ‍ॅव्हेन्यूवाले शहाणे आणि नॉर्दर्नवाले खुळे वाटले असणार. पुढे काय झाले? पार्क अ‍ॅव्हेन्यूचा फुटबॉल क्लब १९७० मध्ये फुटबॉल लीगमधून बाहेर फेकला गेला आणि १९७४ साली दिवाळखोरीत संपला. जुन्या प्रेक्षकांच्या जिवावर उठून नव्या प्रेक्षकांच्या मागे धावलेल्या त्या क्लबाला शेवटी दोन्ही उरले नाहीत. त्याच नावाचा क्लब १९८८ मध्ये पुन्हा उभा राहिला खरा, पण तो लहान लीगांतून.

नॉर्दर्नवाले मात्र जगले. कसे जगले हे सांगायला फारसे काही नाही. सत्तावीस वर्षे भाड्याच्या आणि गैरसोयीच्या मैदानांवर, बहुतेक वेळ तळाशी. १९३४ साली नगरपालिकेच्या कचऱ्यावर उभे राहिलेले ओडसल मिळाले तेव्हा त्यांचे दिवस पालटले. दुसरे महायुद्ध संपले आणि साऱ्या इंग्लंडभर लोक मैदानांवर तुटून पडले. सहा वर्षांच्या रेशनिंगनंतर आणि अंधारानंतर शनिवारची दुपार म्हणजे सण झाली होती. १९४७, १९४८, १९४९ अशी सलग तीन वर्षे ब्रॅडफर्ड नॉर्दर्न वेम्ब्लीच्या अंतिम सामन्यात खेळला. पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी चषक घेऊन आला. त्या तिसऱ्या सामन्याला ९५,०५० प्रेक्षक होते. चाळिशीच्या अखेरीस रग्बी लीगच्या सामन्यांना हंगामात साठ लाखांहून अधिक हजेरी लागत होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी तो आकडा वीस लाखांच्याही खाली आलेला दिसतो.

प्रत्येक जण याचे एकेक कारण सांगतो. दूरदर्शन संच आले. १९५८ पासून बीबीसीचा ‘ग्रँडस्टँड’ हा शनिवारचा क्रीडा कार्यक्रम घरबसल्या सामने दाखवू लागला. मोटारी आल्या, शनिवार-रविवार समुद्रकाठी जाता येऊ लागले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडून आठवडेच्या आठवडे मैदाने गोठलेली राहिली आणि गल्ला रिकामा. खेळही रटाळ झाला होता. तेव्हा पाडण्याला सहाची मर्यादा नव्हती. चेंडू हाती आलेला संघ पडत-उठत, पडत-उठत तो कितीही वेळ धरून ठेवू शकत असे. १९६६ मध्ये चारची मर्यादा आली, ती १९७२ मध्ये सहाची झाली. पुन्हा तेच, प्रेक्षक हटला की नियम बदला.

ही सारी कारणे खरी आहेत, पण त्यांपैकी एकही फक्त ब्रॅडफर्डपुरते नव्हते. दूरदर्शन विगनमध्येही होते आणि थंडी सेंट हेलेन्समध्येही पडली होती. ते क्लब बुडाले नाहीत. माझ्या मते गोम निराळी आहे. सणाची गर्दी आणि रोजची हजेरी या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि ओडसलसारखे अवाढव्य मैदान या दोहोंतला फरक झाकून टाकते. आपल्याकडे कुस्तीच्या मोठ्या मैदानाला आठ-दहा गावे लोटतात; तालमीत पहाटे लाल मातीत उतरणारी पोरे मात्र चारच असतात, आणि तालमीच्या दिव्याला तेल घालणारे वस्ताद आणि दोघे-तिघे. एकोणसत्तर हजार लोक आले म्हणजे क्लबाला एकोणसत्तर हजार माणसे आहेत असे नव्हे. त्यांतली निम्मी हडर्सफील्डची, काही चषकाच्या ओढीने आलेली, काही शेजाऱ्याबरोबर आलेली. पावसाळी शनिवारी, संघ तळाशी असताना, बॅरोविरुद्ध येणारे किती, हा खरा हिशोब. तो हिशोब गिरणीशी बांधलेला होता. गिरणीच्या दारातून माणूस थेट मैदानाच्या दारात जाई. बाप मुलाला नेई, मुलगा नातवाला. लोकरीचा धंदा ओसरू लागला, वस्त्या पांगल्या आणि ती वाट मोडली. जिंकणाऱ्या संघाने ती मोडलेली वाट काही वर्षे झाकली. संघ म्हातारा झाला आणि ती उघडी पडली.

पण गोष्ट येथे संपत नाही. क्लब बंद पडल्यावर चार महिन्यांनी, एप्रिल १९६४ मध्ये, दोन जुन्या खेळाडूंनी शहरात सभा बोलावली. एक ट्रेव्हर फॉस्टर, १९३८ साली वेल्समधल्या न्यूपोर्टहून आलेला आणि कायमचा ब्रॅडफर्डकर झालेला. दुसरा जो फिलिप्स, न्यूझीलंडचा. दोघेही ब्रॅडफर्डचे भूमिपुत्र नव्हते, हे नोंदवण्यासारखे आहे. सभेला सुमारे दीड हजार माणसे आली. ज्या क्लबाच्या शेवटच्या दिवसांतल्या सामन्याला तीनशे चोवीस जण होते, त्याच्या तेराव्याला दीड हजार! लोकांनी वर्गणी कबूल केली, नवा क्लब जुन्याच नावाने उभा राहिला आणि ऑगस्टमध्ये हल किंग्स्टन रोव्हर्सविरुद्धच्या पहिल्या सामन्याला चौदा हजारांहून अधिक प्रेक्षक ओडसलवर आले. मेल्यावर माणसाची किंमत कळते तसे क्लबाचेही होते की काय, कोण जाणे. पुढे १९६७ च्या डिसेंबरात या खेळात रविवारचे सामने सुरू झाले, त्यात पुढाकार घेणाऱ्यांत हाच पुनर्जन्म झालेला क्लब होता. शनिवार गेला तर रविवार.

तरीही तीस वर्षे दारावरचा गल्ला पुरा पडला नाही, ब्रॅडफर्डला नाही आणि इतरांनाही नाही. मग १९९५ च्या एप्रिलात रूपर्ट मर्डोक यांच्या कंपनीने या खेळापुढे पाच वर्षांसाठी ८.७ कोटी पौंडांची थैली ठेवली. अट अशी की सुपर लीग नावाची नवी श्रेणी करायची, हिवाळ्याचा खेळ उन्हाळ्यात आणायचा, आणि लहान शेजारी क्लब एकमेकांत विलीन करायचे. कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन या तिघांचा मिळून एक क्लब करण्याचे कागदावर ठरलेही. फेदरस्टोन हे कोळसा खाणीचे लहानसे गाव. पंधरा हजारांच्या आसपास वस्ती, पण १९६७, १९७३ आणि १९८३ असा तीनदा चॅलेंज कप जिंकलेले. तेथले लोक रस्त्यावर आले. खाण बंद झाली, आता क्लबही नेणार का, हा त्यांचा प्रश्न होता. विलीनीकरणे बारगळली. पण फेदरस्टोनला वरच्या श्रेणीत जागा मिळाली नाही. गाव राहिले, क्लब राहिला, थैलीतला मोठा वाटा मात्र दुसरीकडे गेला.

ब्रॅडफर्डला जागा मिळाली. १९९६ मध्ये नॉर्दर्न हे नाव टाकून ‘बुल्स’ हे नाव घेतले, आणि मग जे घडले ते पाहून जुनी मंडळी चक्रावली. शाळाशाळांतून मुलांना तिकिटे वाटली, सामन्याआधी गाणे-बजावणे, बैलाचे सोंग घेतलेला माणूस, कुटुंबाने यावे अशी सोय. नाक मुरडणारे पुष्कळ होते. पण १९९७ साली ओडसलची सरासरी हजेरी पंधरा हजारांच्या आसपास गेली आणि संघ सुपर लीगचा विजेता झाला. २००१, २००३, २००५ या वर्षी पुन्हा विजेतेपद. २००० आणि २००३ मध्ये चॅलेंज कप. तीनदा जगज्जेता क्लब. २००१ आणि २००२ हे दोन हंगाम बुल्स व्हॅली परेडवर खेळले, म्हणजे मॅनिंगहॅमने रग्बी सोडली त्याच मैदानावर शंभर वर्षांनी शहराची रग्बी परतली. याच्या उलटही आधी घडले होते. १९८५ च्या मे महिन्यात व्हॅली परेडला आग लागून ५६ जण मेले, तेव्हा बेघर झालेल्या ब्रॅडफर्ड सिटीने ओडसलवर सामने खेळले होते. भाऊबंदकी असली तरी अडीअडचणीला एकमेकांची ओसरी मोकळी असते.

एवढे यश आणि एवढी गर्दी पदरी असलेला क्लब बुडेल असे २००५ साली कोणाला सांगितले असते तर त्याने वेड्यात काढले असते. पण बुडाला, आणि एकदा नव्हे. २०१२ च्या जानेवारीत ओडसलचा भाडेपट्टा खेळाच्या मध्यवर्ती मंडळाला विकावा लागला. मार्चमध्ये क्लबाने जाहीर केले की तातडीने दहा लाख पौंड हवेत. त्यांपैकी पाच लाखांची पहिली मुदत दहा दिवसांची होती; लोकांनी तेवढे दहा दिवसांत उभे केले. तरी जूनमध्ये कारभार प्रशासकाच्या हाती गेला. २०१४ मध्ये पुन्हा प्रशासक, आणि त्याच वर्षी सुपर लीगमधून घसरण. घसरण म्हणजे नुसता अपमान नव्हे. दूरचित्रवाणीच्या पैशातला मोठा वाटा बंद. खर्च वरच्या श्रेणीचे आणि उत्पन्न खालच्या श्रेणीचे, अशा कात्रीत क्लब सापडला. ३ जानेवारी २०१७ रोजी तो अवसायनात निघाला.

गिरणीमालक ब्रिग्ज यांच्यापासून मर्डोक यांच्यापर्यंत एक धागा दिसतो. दारावरचा गल्ला अपुरा म्हणून क्लबाने दरवेळी नवा दाता शोधला, आणि दरवेळी दात्याबरोबर त्याचे वेळापत्रक, त्याच्या अटी आणि त्याची लहर आली. १९६३ मध्ये ३२४ माणसांमुळे क्लब मेला असे म्हणता येईल. २०१७ मध्ये तसे म्हणता येत नाही. तेव्हा माणसे होती. वहीच्या दुसऱ्या बाजूला काय लिहिले जात होते ते मात्र त्यांना कोणी दाखवले नव्हते. वर्गणी मागायला लोकांपुढे यायचे आणि जमाखर्च चार भिंतींआड ठेवायचा, हा दोष कारभाऱ्यांच्या पदरात घालावाच लागेल.

एक गोष्ट मात्र प्रेक्षकांच्या खात्यावरही मांडली पाहिजे. १९५० नंतर ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळी करायला मीरपूर, पंजाब, गुजरातकडची माणसे गेली आणि स्थायिक झाली. गिरण्या गेल्या, ती राहिली. आज त्यांची नातवंडे त्या शहराचा मोठा भाग आहेत. ओडसलच्या पायऱ्यांवर मात्र ती थोडीच दिसली. १९९५ साली लीड्सचा इकराम बट इंग्लंडकडून रग्बी लीग खेळला. आशियाई वंशाच्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्यानंतर ब्रॅडफर्डमध्ये तशी रांग लागली नाही. गिरणीच्या दारातून मैदानाच्या दाराकडे जाणारी जुनी वाट मोडली तेव्हा दुसऱ्या वस्त्यांतून नवी वाट पाडणे हे काम होते. शाळांतून तिकिटे वाटली तेव्हा त्याला आरंभ झाला होता. पुढे विजेतेपदांच्या धामधुमीत ते मागे पडले.

२०१७ च्या जानेवारीत जुना क्लब मोडताच नवा क्लब उभा राहिला. त्याला दुसऱ्या श्रेणीत उणे १२ गुणांवरून सुरुवात करायला लावली. तो तिसऱ्या श्रेणीत घसरला. तेथेही, लहान गावांच्या संघांविरुद्ध, ओडसलवर हजारोंनी लोक येत राहिले. २०१८ च्या हंगामाअखेर क्लब दुसऱ्या श्रेणीत परतला. मग ओडसलचा खर्च झेपेना म्हणून २०१९ च्या शरदात मुक्काम शेजारच्या ड्यूजबरीला हलवला. २०२१ मध्ये पुन्हा ओडसल. याच सुमारास खेळाच्या कारभाऱ्यांनी क्लबांना श्रेणी देण्याची नवी पद्धत आणली. एकूण वीस गुण. मैदानावर जिंकण्या-हरण्याला त्यांतले पाच, प्रेक्षक आणि चाहते यांना पाच, उरलेले जमाखर्च, मैदानाची सोय आणि गावातले काम यांना. या मोजपट्टीवर ब्रॅडफर्ड वर सरकत गेले, आणि २०२६ साठी सुपर लीगचे १४ क्लब ठरले तेव्हा त्यांत अकरा हंगामांनंतर त्याचे नाव आले. ट्रेव्हर फॉस्टर हे पाहायला नव्हते; ते २००५ मध्ये, नव्वदी गाठून, गेले. पायऱ्या त्याच आहेत, आणि त्यांच्याखाली तीच राख.